हेडलॅम्प पावसात किती टिकतो?

ज्यांनी हा भाग ऐकला त्यांच्यासाठी नवीन काही नाही. पण पावसाळ्यात टॉवर गेला की आपल्याकडे दोन-दोन दिवस नेट नसतं, आणि अर्धा भाग डाउनलोड होऊन अडकला अशा तक्रारी येतात. म्हणून नेहमीप्रमाणे बोललेलं लिहून टाकतोय. मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी फार हात लावलेला नाही.

वरोऱ्याजवळच्या एका गावातून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. ‘दादा, हेडलॅम्प घेतला. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलं होतं, आयपीएक्स-४ का काय तेही होतं. तिसऱ्या पावसात बंद. आता बाबा मोबाईलच्या टॉर्चवर जागलीला जाऊन राहिले. फसवलं का आम्हाले? अन् चांगला कोणता घेऊ?’

कोणता घ्यायचा ते नंतर पाहू. मला त्यातलं ‘मोबाईलच्या टॉर्चवर जागलीला’ हे जास्त खटकलं. तिथूनच सुरुवात करू.

शहरात बसून ऐकणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. वरोरा म्हटलं की बाहेरच्यांना आनंदवन आठवतं. पण तालुक्यातल्या कोणालाही विचारा, सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की घरातलं एक माणूस रात्री वावरात असतं. रानडुक्कर एका रात्रीत एकराचं नुकसान करून जातं, रोही आला तर वेगळंच. पूर्वेकडे, मूल-सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांवर तेच. पाऊस सरला की सुटका होते असंही नाही. चणा-गव्हाचं ओलीत सुरू होतं, आणि शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईन कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मोटर चालू करायला, नाका फोडायला माणूस बाराला उठून जातो. दवानं चिंब झालेल्या धुऱ्यावरून. ताडोबा तिथून फार लांब नाही, आणि वाघाला हद्दीची पाटी वाचता येत नाही.

वाघाची बातमी होते. सापाची होत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. मण्यार रात्रीच हिंडते, घोणसही बहुतेक रात्रीच. मण्यार काळी, चकचकीत. ओल्या मातीवर मोबाईलच्या पसरट उजेडात ती दिसेपर्यंत पाय तिच्याजवळ पोचलेला असतो. आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल गावात हळू आवाजात बोलतात: डुकरासाठी कोणीतरी धुऱ्यावर सोडलेली जिवंत करंटची तार. बेकायदेशीर आहे, तरी सोडतात. त्या तारेनं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वाघही मेलेत आणि माणसंही. ओल्या जमिनीवर ती तार आधी दिसायलाच पाहिजे.

अशा वेळी एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री किंवा फावडं. मोबाईल धरणार कुठे? पावसाच्या पाण्यानं स्क्रीन आपोआप दाबली जाते, टॉर्च बंद होतो, आणि काही झालंच तर फोन लावायला चार्जिंग उरलेलं नसतं. फोन फोनसाठी ठेवा. उजेडासाठी वेगळी वस्तू पाहिजे, आणि ती डोक्यावर पाहिजे.

आता त्या आकड्याकडे येऊ.

आयपी म्हणजे काय? धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून वस्तूला किती संरक्षण आहे, ते सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०५२९. आपल्या बीआयएसनंही तेच स्वीकारलंय. आयपीनंतर दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, ६ पर्यंत. दुसरा पाण्याचा, ९ पर्यंत. जिथे एक्स लिहिलाय तिथे शून्य समजू नका. एक्स म्हणजे त्या बाबतीत आकडा दिलेलाच नाही. आयपीएक्स-४ म्हणजे धुळीबद्दल काही सांगितलेलं नाही, पाण्याची चौथी पातळी पास.

चौथी पातळी म्हणजे सगळ्या बाजूंनी पाणी शिंपडायचं. फवाऱ्याच्या पद्धतीत मिनिटाला साधारण १० लिटर, किमान ५ मिनिटं. पाचवीला पाण्याची धार मारतात, मिनिटाला साडेबारा लिटरची. सहावीला मोठी धार, मिनिटाला १०० लिटर. सातवीला वस्तू एक मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवतात. आठवी त्याच्याही पुढे, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीनंच सांगायचं असतं. म्हणून नुसतं आयपीएक्स-८ वाचून खूश होऊ नका, बाजूला मीटर आणि मिनिटं लिहिलीत का ते पाहा.

इथे एक गंमत आहे जी दुकानदारालाही बहुतेक माहीत नसते. सात हा आकडा पाच-सहापेक्षा मोठा असला तरी सात पास झालेली वस्तू पाच-सहा पास झाली असं होत नाही. शांत पाण्यात बुडवणं वेगळं आणि जोराची धार मारणं वेगळं. पाण्याचा दाब सगळीकडून सारखा आला की रबरी झाकण आणखी घट्ट दाबलं जातं. धार मात्र एका बाजूनं येते आणि झाकणाची कड उचलते. दोन्ही चाचण्या पास असतील तर कंपनी दोन्ही आकडे लिहिते.

आता जरा हिशेब करू. आपल्या श्रोत्याचा लॅम्प पावसानं मेला असं तो म्हणतो. पाऊस किती पडतो त्याच्यावर? तासाला ५० मिलीमीटर धरा. हा चांगला झोडपणारा पाऊस आहे, यात छत्रीचं काही चालत नाही. हेडलॅम्पचं तोंड साधारण सहा बाय चार सेंटीमीटर, म्हणजे २४ चौरस सेंटीमीटर. पाच सेंटीमीटर पाणी गुणिले चोवीस: तासाला १२० मिली. एक कप चहा, थोडा मोठा. चाचणीत मिनिटाला दहा लिटर सोडतात. ते सगळंच लॅम्पवर पडत नाही हे खरं, पण तरी पावसापेक्षा ते फार जास्त आहे. म्हणजे आयपीएक्स-४ खरोखर असेल, तर नुसत्या पावसानं तो मरायला नको.

मग मेला कशानं? मला विचाराल तर पावसाचा दोष सगळ्यात कमी. चाचणीत लॅम्प नवा असतो, झाकणं नीट बसवलेली, पाणी स्वच्छ, काम मिनिटांत संपतं. वावरात काय असतं? चार महिन्यांची ओल, कपाळाचा घाम, झाकणात अडकलेला चिखलाचा कण, आणि उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगून तापलेलं रबर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातं, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेत झाकणाचं रबर कडक होतं, त्याची लवचीकता जाते. जूनमध्ये दिसायला झाकण तेच असतं, बसतं मात्र सैल.

यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गरम-थंड. ही नीट समजून घ्या, कारण बरेचसे ‘वॉटरप्रूफ’ लॅम्प इथेच हरतात.

फुल्ल उजेडावर लॅम्प चालू ठेवला की तो तापतो. आतली हवा समजा ५० अंशांवर गेली. तापलेली हवा फुगते आणि कुठल्या तरी फटीतून थोडी बाहेर पडते. मग अचानक सर आली, किंवा लॅम्प नाल्यात पडला. पाणी २५ अंशांचं. आतली हवा थंड होऊन आकसते आणि आत ओढ तयार होते. साधा वायूचा नियम लावला तर दाब सात-आठ टक्क्यांनी कमी होतो. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाण्याच्या भाषेत ते जवळपास ८० सेंटीमीटर खोलीच्या दाबाइतकं आहे. म्हणजे तुम्ही लॅम्प बुडवलाच नाही, तो तुमच्या कपाळावरच आहे, तरी झाकणाच्या कडेला जमलेला थेंब तो इतक्या जोरानं आत ओढतो. आणि बुडवण्याच्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. चाचणी खोटी नाही. ती जे तपासते त्यात ही रात्र येत नाही, एवढंच.

यावर उपाय फुकटचा आहे. पावसात फुल्लवर चालवू नका. चालताना मधला उजेड पुरतो. काही आवाज आला, लांब पाहायचं आहे, तेव्हा दहा सेकंद फुल्ल आणि परत खाली. लॅम्प थंड राहतो, बॅटरीही सकाळपर्यंत पुरते.

पाणी शिरतं कुठून?

मी चार जागा सांगतो, हातात लॅम्प घेऊन एक-एक बघत जा.

पहिली, चार्जिंगचं झाकण. यूएसबीच्या भोकावरचं ते छोटं रबरी पान. बहुतेक लॅम्पचा आकडा ते पूर्ण दाबून बसवलेलं असतानाच खरा असतो. रोज उघड-झाक करून त्याची शेपटी तुटते, मग लोक चिकटपट्टी लावतात. तुमच्या फोनला पाणी लागलं तर तो ‘पोर्टमध्ये ओलावा आहे’ असं सांगून चार्जिंग थांबवतो. दोन-तीनशेच्या लॅम्पमध्ये असा शहाणपणा नसतो. ओला लावला की तांब्याचे पाय हिरवे पडायला लागतात, आणि लिथियम बॅटरी असेल तर धोका वेगळाच. ओला लॅम्प चार्जिंगला लावायचा नाही, कितीही घाई असो. घरात रात्री सगळे झोपले असताना तर अजिबात नाही.

दुसरी, झूमवाली काच. बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो हाच लॅम्प. पुढचं तोंड पुढे ओढलं की उजेड लांब जातो, मागे ढकललं की पसरतो. दिसायला भारी. पण ती रचना फवारणी पंपाच्या दट्ट्यासारखीच आहे. तोंड पुढे ओढलं की आत जागा वाढते, हवा आत येते, आणि कडेला पाणी असेल तर तेही येतं. पाऊस चालू असताना झूमला हात लावू नका. आधीच एका जागी ठेवून निघा.

तिसरी, मागच्या डब्याची वायर. बॅटरीचा डबा डोक्याच्या मागे आणि पुढे लॅम्पपर्यंत वायर, असा प्रकार असेल तर वायर जिथे डब्यात शिरते ते भोक पाहा. तिथे रबराचं बूच घट्ट असलं पाहिजे. नुसतं प्लास्टिकचं भोक असेल तर केसांवरून ओघळणारं पाणी वायरला धरून सरळ आत जातं. वायर खाली लोंबत ठेवून मग वर वळवली, की थेंब त्या खालच्या वळणावरून गळून पडतो. डिशच्या अँटेनाची वायर घरात घेताना मेकॅनिक हेच करतो.

चौथी, बटण. रबराखालचं बटण साधारण बरं असतं. पण हात हलवून चालू-बंद होणारे सेन्सरवाले लॅम्प आलेत, त्यांच्यापासून पावसात सावध. समोरून गेलेला थेंब किंवा छत्रीची कड त्यांना हात वाटू शकते. नको तेव्हा उजेड जातो. सेन्सर बंद करायची सोय असेल तर घरून निघतानाच बंद करा.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. आपल्या जिल्ह्याला कपाळावरचा दिवा नवा नाही. वरोऱ्याला तर एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारची कोळसा खाण होती. त्या काळी विजेचा कॅपलॅम्प नव्हता, तो विसाव्या शतकात आला. नंतर जिल्ह्यातल्या भूमिगत खाणींमध्ये पिढ्यान् पिढ्या लोक तो हेल्मेटला लावून उतरले. जुन्या कॅपलॅम्पची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, तिथून जाड वायर डोक्यापर्यंत. खाणीतही पाणी ठिबकतंच. पण मला त्यातली लॅम्प रूमची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. पाळी संपली की दिवा घरी न्यायचा नाही, नंबरप्रमाणे परत द्यायचा, तिथे तो चार्ज होतो आणि तपासला जातो. पुढच्या पाळीला हातात येतो तो तपासलेला दिवा. तुमच्या घरात कोणाचे आजोबा किंवा काका खाणीत असतील तर विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

जागलीहून सकाळी आल्यावर आपण काय करतो? लॅम्प काढला, खिळ्याला अडकवला, झोपलो. आत एक थेंब गेला असेल तर तो दिवसभर बंद डब्यात शिजतो. खरं नुकसान तिथे होतं. गेलेल्या पाण्यापेक्षा आत राहिलेलं पाणी लॅम्प मारतं. म्हणून सकाळी दोन मिनिटं काढा. आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग झाकण उघडा. उलटा क्रम केला तर बाहेरचं पाणी आत जातं. सेल निघत असतील तर काढा. झाकण उघडं ठेवून पंख्याखाली किंवा वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ नाही, कडक उन्हात नाही. पट्टा वेगळा धुवून वाळवा, कारण घामात मीठ असतं आणि ते धातूला खातं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो सोडून द्या. तांदूळ वाऱ्यापेक्षा जास्त काही करत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मात्र जपून ठेवा, बंद डब्यात लॅम्पबरोबर टाकायला कामाच्या आहेत.

काचेच्या आत धुकं दिसलं तर लगेच घाबरू नका. आत अडकलेल्या दमट हवेतलं बाष्प थंड काचेवर बसतं, लॅम्प थोडा तापला की जातं. पण थेंब दिसले, ओघळ दिसला, तर पाणी आत आलंय. बंद करा, सेल काढा.

साध्या सेलवर चालणारा असेल तर पावसाळा संपताच सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळाला की पांढरी भुकटी जमते. ती क्षार असते, हाताला लागू देऊ नका. कापसाच्या बोळ्यानं थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसली की निघते, मग कोरडं करायचं. रबरी रिंग असेल तर तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल नको. व्हॅसलीनही टाळा, काही प्रकारचं रबर त्यानं फुगतं.

आता उजेडाबद्दल. लॅम्प चालू राहिला तरी पावसात दिसतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

डोक्यावर लॅम्प असण्याचा एक फायदा असा आहे जो हातातल्या बॅटरीला नाही. वाघ, बिबट, चितळ, रोही, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. उजेड जिथून आला तिकडेच तो परत फेकला जातो. लॅम्प तुमच्या डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे परत आलेली चमक सरळ तुम्हाला दिसते. तीच बॅटरी कमरेजवळ धरली तर चमक बरीच कमी दिसते. म्हणून लांबवरचे डोळे पाहायला कपाळावरचा दिवा सगळ्यात चांगला. पण लक्षात ठेवा, रानडुकराच्या डोळ्यात हा थर नाही. त्याचे डोळे तसे चमकत नाहीत. ज्याच्यासाठी तुम्ही जागता नेमका तोच चमकत नाही! तिथे डोळे शोधू नका, हालचाल आणि आवाज शोधा.

आणि पावसात हाच फायदा उलटतो. कपाळावरच्या उजेडात प्रत्येक थेंब चमकतो आणि त्याचाही उजेड सरळ तुमच्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढऱ्या रेघांचा पडदा. लोक मग उजेड वाढवतात, पडदा आणखी दाट होतो. जोराच्या सरीत, दाट धुक्यात, किंवा थंडीत आपल्याच तोंडाची वाफ समोर येते तेव्हा लॅम्प काढून हातात घ्या आणि कमरेच्या उंचीवर धरून जमिनीकडे मारा. उजेडाची जागा डोळ्यांपासून लांब गेली की पडदा विरतो आणि पायाखालचं दिसायला लागतं. टोपीला पुढे छज्जा असेल तर लॅम्प छज्ज्याच्या खाली येईल असा बांधा, नाहीतर छज्जाच उजळतो. पिवळा उजेड धुक्यातून जास्त लांब जातो असं म्हणतात, त्यात फारसं तथ्य नाही. पावसाचे आणि धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच फेकतात. पिवळसर उजेडाचा फायदा वेगळा आहे: त्यावर पाखरं कमी येतात. भादव्यात तोंडावर किडे घेऊन चालणाऱ्याला तोही काही कमी नाही.

उजेड कसा संपतो तेही माहीत असू द्या. साध्या सेलचा लॅम्प मंद-मंद होत जातो, तुम्हाला इशारा मिळतो. लिथियम बॅटरीचे बरेच लॅम्प शेवटपर्यंत नीट जळतात आणि मग बॅटरी वाचवणारं सर्किट झटक्यात बंद करतं. डब्यावरच्या तासांवरही आंधळा विश्वास नको. टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं अमेरिकन मानक आहे, २००९ पासूनचं. त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. म्हणजे ‘१०० तास’मधले कित्येक तास नुसता काजवा असू शकतो.

तर दोस्ता, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लॅम्प न पाहता ‘फसवलं’ असं मी म्हणणार नाही. डब्यावर नुसतं वॉटरप्रूफ लिहायला काही लागत नाही, आकडा लिहायला चाचणी लागते, आणि चाचणी न करता आकडा छापणारेही आहेत. म्हणून घरी तपास. शक्यतो दुकानदाराशी बोलून घे, की पाणी गेलं तर परत घेशील का. सेल काढ, आत कोरडा टिश्यू पेपर ठेव, झाकण लाव. आयपीएक्स-४ असेल तर झारीनं सगळीकडून पाच मिनिटं पाणी घाल. सात असेल तरच बादलीत बुडव. बाहेर काढून आधी पूस, मग उघड. टिश्यू ओला असेल तर वावरात काय होईल ते कळलं. बॅटरी निघत नसेल तर बंद करून फक्त झारीचा प्रयोग कर, आणि पूर्ण दिवस वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नको.

कोणता घ्यायचा? बाहेरच्या ब्रँडची उदाहरणं देतो, फक्त आकड्यांची सवय व्हावी म्हणून. पेट्झलचा टिक्का जगभर ट्रेकिंगवाले वापरतात, तो आयपीएक्स-४ आहे. ब्लॅक डायमंडचा स्पॉट-४०० आयपीएक्स-८. माझं मत विचारशील तर जागलीसाठी चार आकडा पुरतो, जर तो उघडून वाळवता येत असेल आणि साध्या ट्रिपल-ए सेलवर चालत असेल. सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतात, पॉलिथिनमध्ये बांधून तीन जास्तीचे खिशात ठेवता येतात. सील केलेला महाग लॅम्प चांगलाच, पण त्याचं चार्जिंगचं झाकण तुटलं की तो चारचाही राहत नाही, आणि आत गेलेलं पाणी बाहेर काढता येत नाही.

सात-आठची खरी गरज ज्यांना नाला-नदीजवळ काम आहे त्यांना. गडचिरोलीकडचे आपले श्रोते, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. तिकडे पावसाळ्यात पायी फिरणारे आरोग्य कर्मचारी, वनरक्षक, होडीवाले, यांचा लॅम्प पाण्यात पडू शकतो. पण वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारा नव्हे. पट्ट्याला दोरी बांधा. आणि पूर असताना रात्री पाण्यात उतरायला कुठलाच आकडा पुरत नाही.

शेवटी पैशांचं. हजार रुपये असतील तर हजाराचा एक घेण्यापेक्षा सातशेचा एक आणि तीनशेची छोटी हातबॅटरी घ्या. ती कमरेला, प्लास्टिकच्या पिशवीत. पावसाचा पडदा आला की तीच कामाला येते, आणि कपाळावरचा झटक्यात गेला तर सेल बदलायलाही उजेड लागतोच. अंधारात, पावसात, बोटांनी प्लस-मायनस चाचपून पाहा एकदा, म्हणजे कळेल.

एक सूचना ताडोबाच्या बाजूच्या पोरांसाठी. नवा लॅम्प आला म्हणून डोळे चमकतात का पाहायला रात्री जंगलात शिरू नका. परवानगीशिवाय अभयारण्यात जाणं गुन्हा आहे, आणि रील काढणाऱ्याला वाघ आधी पाहतो.

दोस्ता, तुझ्या बंद पडलेल्या लॅम्पचा फोटो पाठव. चार्जिंगचं झाकण उघडून, जवळून काढ. आत हिरवं दिसतंय की पांढरं, त्यावरून बरंच कळतं. तोपर्यंत बाबांना एखादी हातबॅटरी घेऊन दे, आजच. पुढच्या भागात सोलर झटका मशीन आणि कुंपणाचं पाहू, त्यावर खूप प्रश्न आलेत. भेटू.